भिंत आधी, चित्र मग

चाकणच्या मोटार कारखान्यांत रंगाची पाळी फार उशिरा येते. आधी पत्र्यावरचे तेल धुऊन काढतात, फॉस्फेटच्या द्रावणातून सांगाडा नेतात, मग तो अख्खाच्या अख्खा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर पहिला थर बसवतात आणि भट्टीत भाजतात. सांधे भरतात, प्रायमर मारतात. एवढे झाल्यावर गिऱ्हाइकाने निवडलेला रंग, आणि त्यावर पारदर्शक कोट. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते, पण तेवढ्या जाडीच्या जोरावर गाडी कित्येक पावसाळे उघड्यावर काढते. पेंट शॉपमध्ये थोडे दिवस काढलेल्या कामगारालाही एक गोष्ट पाठ असते: खालची तयारी कच्ची राहिली तर वरचा रंग कितीही भारी असो, तो सुटणारच.

हाच कामगार पाळी संपवून घरी निघतो तेव्हा त्याच्या वाटेवर भिंतीच भिंती असतात. कंपन्यांची लांबलचक कुंपणे, उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग, महापालिका शाळांची आवारे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः स्वच्छ सर्वेक्षणाची स्पर्धा सुरू झाल्यापासून, या भिंतींवर चित्रे आली. वारकऱ्यांची दिंडी, शिवराय, सायकल चालवणारी मुलगी, झाडे लावा, आणि वारली नाच तर पावलोपावली. आली त्याचा मला मनापासून आनंद आहे. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झालेल्या, गावागावांना जोडत वाढलेल्या पिंपरी-चिंचवड शहराला स्वतःचा चेहरा हवाच होता. पण दोन-तीन पावसाळे गेले की दिंडीतल्या वारकऱ्यांचे पाय खालून गळायला लागतात. मग कुणीतरी जागे होते, वर्गणी किंवा निधी जमतो, आणि जुन्या चित्रावर नवा रंग चढतो. पुढच्या पावसाळ्यात तोही सुटतो. रंग उडाला तर रंग मारा, ही आपली चित्र वाचवण्याची सर्वसाधारण कल्पना. या प्रकरणात मला तिच्याशीच भांडायचे आहे.

भिंतीवरचे चित्र बहुतेक वेळा पाण्यामुळे मरते, आणि ते पाणी समोरून क्वचितच येते. पाऊस चित्रावर आपटतो तेव्हा बराचसा ओघळून जातो. खरे पाणी वरून, मागून आणि खालून शिरते. वरून म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून. माथ्यावर उतार दिलेला नसेल, फरशी किंवा कोबा नसेल, तर पाणी भिंतीच्या पोटात उतरते. मागून येते ते भुयारी मार्गात आणि भरावाच्या भिंतींत. तिथे पलीकडच्या मातीत साठलेले पाणी बाहेर पडावे म्हणून बांधकाम करणाऱ्याने मुद्दाम भोके ठेवलेली असतात. चित्र एकसंध दिसावे म्हणून ती बुजवली, की पाणी मिळेल त्या वाटेने, म्हणजे चित्रातूनच, बाहेर येते. आणि खालून म्हणजे जमिनीतून. विटा आणि गिलावा ओल वर शोषत नेतात, आणि ती भिंतीत हात-दोन हात चढते.

नुसत्या ओलीने एवढी हानी होत नाही. ओलीबरोबर क्षार येतात. भिंत वाळताना पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागाच्या जरा आतच स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढताना फुगतो आणि वरचा थर आतून ढकलतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. आधी पांढरी भुकटी दिसते, मग फुगे येतात, मग पोपडे पडतात. त्या पोपड्यावर उत्तम प्रतीचा रंग लावणे म्हणजे पडणाऱ्या गिलाव्याला जड करणे. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यात अल्कलीचे प्रमाण मोठे असते, म्हणून त्याला निदान चार आठवडे वाळू द्यावे लागते. उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि गिलावा नंतर झाला, तर तेवढी सवड कुणी देत नाही. घाईत काढलेल्या चित्राचे आयुष्य तिथेच ठरते.

त्यात या पट्ट्याची हवा. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर अवजड वाहनांची रांग दिवसरात्र उभी असते. डिझेलची काजळी आणि उडती धूळ चित्रावर बसते आणि पहिल्या सरीबरोबर चिखल होऊन ओघळते. चिंचवडगावात वेगळाच प्रश्न. तिथे मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पवनेला पूर आला की पाणी शिरते. १६५८-५९ च्या सुमारास बांधलेले ते दगडी मंदिर असे पूर पचवत आले, कारण दगड आणि चुना भिजतात तसे वाळतातही. भोवतीच्या सिमेंटच्या, तैलरंग दिलेल्या भिंतींना हे जमत नाही. तैलरंगाचा थर प्लॅस्टिकच्या कागदासारखा ओल कोंडून धरतो.

इथे जुन्या गवंड्यांकडे वळायला हवे. पेशवाईतल्या वाड्यांमध्ये आणि देवळांमध्ये जी चित्रे आहेत, ती चुन्याच्या गिलाव्यावर आहेत. चुना बरेच दिवस भिजवून मुरवायचा, घाणीत दळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, तागाचे तंतू घालायचे, एकावर एक थर देऊन वरचा थर घोटून घोटून गुळगुळीत करायचा. तो वाळला की त्यावर गेरू, हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी असे रंग डिंकात कालवून चित्र काढायचे. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही सोडते. तिच्यात एक मोठी खोट आहे: डिंकात बांधलेला रंग पाण्याने पुसला जातो. अशा चित्रावर उत्साहाने ओले फडके फिरवणारा स्वयंसेवक एका सकाळी दोनशे वर्षे पुसून टाकू शकतो. आणि अशा भिंतीला सिमेंटने ठिगळ लावणारा गवंडी त्याहून घातक. सिमेंट दाट असते, ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती शेजारच्या मऊ चुन्यातून वाट काढते आणि सगळे क्षार नेमके चित्राखाली आणून टाकते. ठिगळ शाबूत राहते, चित्र पडते.

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. सहा चौक, कृष्णेवरचा चंद्रकोरी घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली ती घंटा, जी चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर इकडे आली आणि जिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे. चित्रपटांमुळे घाट सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटतात ती वाड्याच्या आतली भित्तिचित्रे. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई याच वाड्यात राहिल्या. वाडा राहता राहिला, म्हणजे दर वर्षी वळवाच्या आधी कुणीतरी छपरावर चढत राहिले. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या, पन्हळी साफ करायच्या, पुन्हा कौले चढवायची. शाकारणी हा शब्द आता शहरात ऐकू येत नाही, पण महाराष्ट्रातली जी काही जुनी भित्तिचित्रे आज डोळ्यांनी पाहता येतात ती चित्रकारांइतकीच शाकारणी करणाऱ्या गड्यांनी आपल्याला दिली आहेत. त्यांनी चित्राला कधी हात लावला नाही. तेच त्यांचे मोठे काम.

उलट उदाहरण राजस्थानातले, पण आपल्या शहराशी त्याचे नाते आहे. आकुर्डीत ज्यांचा कारखाना उभा राहिला त्या बजाज घराण्याचे मूळ सीकरजवळच्या काशी का बास या गावात. जमनालाल बजाज १८८९ मध्ये तिथे जन्मले. तो सगळा शेखावाटीचा मुलूख रंगवलेल्या हवेल्यांचा. व्यापारी घराणी कोलकात्याला, मुंबईला गेली, हवेल्यांना कुलपे लागली, आणि हजारो चौरस फूट चित्रे बंद दारांआड ओलीने, कबुतरांनी, दुरुस्तीच्या अभावाने गेली. पैसा कमी नव्हता, घरात माणूस नव्हता.

चिंचवडगावातला चापेकर वाडा मला या दृष्टीने बोलका वाटतो. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १८९८-९९ मध्ये दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघे चापेकर भाऊ आणि महादेव रानडे फाशी गेले. त्यांचे घर अनेक वर्षे दुर्लक्षित होते. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने, गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने, त्या वाड्याचा जीर्णोद्धार केला. चौकातले समूहशिल्प येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहतो. वाडा त्याहून कमी लोक पाहतात. पण समितीने स्मारकाचा विचार पुतळ्यापाशी थांबवला नाही, घर उभे केले. घर उभे राहिले की त्यातल्या भिंतींना छप्पर मिळते, दिवाबत्ती करणारा माणूस मिळतो, गळती दिसली की ओरडणारा मिळतो. भिंतीवर काहीही मांडायचे असेल तर क्रम हाच.

आता चुकीच्या प्रेमाबद्दल. अजिंठ्याची चित्रे १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस पडली. त्यानंतरच्या शतकात त्यांच्यावर जितके संकट काळाने आणले तितकेच चाहत्यांनी. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढे तेरा वर्षे नकला करत होते. रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश लावले गेले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी. त्यांनी सुटणाऱ्या कडा घट्ट बसवल्या, ते काम चांगले होते. पण चित्रांवर लाखेचा लेपही दिला. लाख कालांतराने पिवळी, मग तपकिरी पडते, धूळ धरते, आकसते आणि आकसताना खालचा रंग ओढते. पुढच्या पिढ्यांतल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांचे आयुष्य तो लेप कणाकणाने काढण्यात गेले. दहाव्या लेण्यात तो निघाला तेव्हा खाली असे रंग आणि आकृत्या दिसल्या ज्या कित्येक दशके कुणीच पाहिल्या नव्हत्या.

यातून जगभरच्या संवर्धकांनी एक शिस्त घालून घेतली: जे लावाल ते पुढच्या माणसाला काढता आले पाहिजे. दुसरी शिस्त रोमची. तिथल्या मध्यवर्ती संवर्धन संस्थेत, जी १९३९ मध्ये स्थापन झाली, चेझारे ब्रांदी यांनी गळून गेलेल्या जागा भरण्याची एक रीत रूढ केली. रिकाम्या जागेत सपाट रंग न भरता बारीक उभ्या रेघा ओढायच्या. दुरून पाहणाऱ्याला चित्र सलग दिसते, जवळ जाणाऱ्याला मूळ किती आणि नंतरचे किती हे कळते. मला या रीतीत केवढा प्रामाणिकपणा वाटतो! आपल्याकडे देवळातल्या जुन्या चित्रांवर चकचकीत तैलरंग फासून जीर्णोद्धाराची पाटी लावली जाते, तेव्हा गावाची श्रद्धा खरी असते, वर्गणीही घामाची असते. त्याच वर्गणीत कळसाशेजारची भेग बुजली असती आणि चित्र पाच पिढ्या टिकले असते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

रस्त्यावरच्या आजच्या चित्रांना, जी अ‍ॅक्रिलिक रंगात असतात, हेच नियम थोड्या सैलपणे लागू होतात. आधी सगळ्या भिंतीचे फोटो काढायचे, हातभर जागेचा एक फोटो. मग बोटाच्या पेराने ठोकत जायचे. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण. पोकळ जागांचा नकाशा तयार झाला की ओल कुठून येते ते आपोआप दिसते. ती वाट बंद करून भिंतीला एक उन्हाळा वाळू द्यायचे. साफसफाई मऊ ब्रशने, साध्या पाण्याने. साबणाची भुकटी आणि तारेची घासणी आणायचीच नाही. फुगलेला भाग तेवढाच खरवडायचा, गिलावा करायचा, पुरेसा मुरू द्यायचा, प्रायमर, मग जुळवलेला रंग. शेवटी सूर्यकिरणांपासून जपणारा पारदर्शक थर, तोही पुढे काढता येईल असा. या यादीत रंगाचे काम शेवटी आणि सगळ्यात थोडे येते. परांची उतरवण्याआधी डब्यांवरचे रंगक्रमांक वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या दुरुस्तीत शिवरायांच्या घोड्याचा एक पाय वेगळ्या रंगाचा होणार नाही.

चित्र कुणाचे, हा प्रश्नही आपण टाळतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचे प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होते, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते शिल्पकाराला न विचारता उतरवून गोदामात टाकले गेले, मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७: कलाकृती विकली तरी तिची विटंबना होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क उरतो. सरकारी भिंत असली तरी. वॉर्डातल्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या तरुण पोरांना हे कलम माहीत असले पाहिजे, आणि ती भिंत पाडणाऱ्या अभियंत्यालाही. पत्रके चिकटवणाऱ्यांसाठी तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा आहेच. निवडणुकीत आणि वाढदिवसांच्या हंगामात त्याची आठवण करून देणारे नागरिक हवेत. खळीने चिकटवलेला कागद ओढून काढताना खालचा रंग बरोबर घेऊन येतो.

सगळेच टिकवावे का? मला तसे वाटत नाही. वारली लग्नचौक काढणाऱ्या सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, लग्न होते, चौक हळूहळू झिजतो, पुढच्या लग्नात नवा येतो. तिथे जपले जाते ते काढणाऱ्यांचे ज्ञान. पुलाच्या खांबांवरच्या बऱ्याच चित्रांना हाच न्याय लावावा. ती जाऊ द्यावीत, नवी येऊ द्यावीत, फक्त काढणारा हात दर वेळी सगळ्यांत कमी दराच्या निविदेचा नसावा. ज्या चित्रात वस्तीची स्वतःची गोष्ट आहे, ज्याचा चित्रकार पुन्हा तसे काढायला येणार नाही, ते निवडून मात्र जिवापाड जपावे.

लॉस एंजेलिसमध्ये असे एक चित्र आहे. पूरनियंत्रणाच्या काँक्रीट कालव्याच्या भिंतीवर, जवळजवळ अर्धा मैल लांब. ज्यूडी बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून काही उन्हाळे वस्तीतल्या चारशेहून अधिक मुलामुलींना घेऊन ते काढले. त्यांत पोलिसांच्या नजरेत असलेली पोरेही होती. विषय कॅलिफोर्नियाचा इतिहास, पाठ्यपुस्तकांत ज्यांना जागा नाही त्यांच्या बाजूने. ऊन आणि पूर यांनी ते फिके पडत गेले, आणि २०११ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन पूर्ण झाले. हे शक्य झाले कारण चित्राच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून एक संस्था उभी होती, तिच्याकडे कच्ची रेखाटने आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या.

नोंदी आणि संस्था, आपल्यालाही याच दोन गोष्टी हव्यात. पैशाचा प्रश्न आपल्या पट्ट्यात तुलनेने सोपा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तू आणि कलाकृतींचे पुनरुज्जीवन स्पष्ट शब्दांत नमूद आहे. राज्य संरक्षित स्मारके दत्तक घेण्यासाठी महाराष्ट्र वैभव योजना आहे. कंपन्या चित्रांसाठी पैसे देतात तेव्हा बहुधा नव्या चित्रासाठी देतात, कारण नव्याचा फोटो चांगला येतो. भिंतीचा माथा दुरुस्त केल्याचा फोटो कुणी काढत नाही. चाकणच्या कंपन्यांनी रंगासोबत आपल्या पेंट शॉपमधला एक जाणकार माणूस वर्षातून दोन दिवस दिला, तरी मी त्याला मोठी देणगी म्हणेन. कोट किती जाड बसला, कुठे सुटतो आहे, हे त्याला नजरेने कळते.

आणि संस्था शोधायला लांब जायला नको. खेड, मावळ, हवेली तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत बोलक्या भिंती आहेत: पाढे, बाराखडी, नकाशे, किल्ले, गावची नदी. शिक्षकांनी, पालकांनी, लोकवर्गणीने रंगवलेल्या. खऱ्या अर्थाने लोकांची भित्तिचित्रे हीच. पण शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि ज्या बाईंना ठाऊक होते की पश्चिमेची भिंत कुठून गळते, त्या दुसऱ्या तालुक्यात जातात. शिक्षण हक्क कायद्याने अशा प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पालक गावातच राहतात. भिंतीची वही त्यांच्याकडे असावी: चित्र कुणी काढले, कोणत्या साली, कोणत्या रंगक्रमांकांनी, गिलावा सिमेंटचा की चुन्याचा, पन्हळ कधी बदलली, मागच्या पावसाळ्यात ओल कुठपर्यंत चढली. मे महिन्यात एकदा माथा आणि पन्हळी पाहायच्या, ऑक्टोबरात एकदा भिंत ठोकून पाहायची, आणि जे आढळेल ते तारखेसह लिहायचे.